आधी घड्याळ, मग मशीन : इंदूरमध्ये महिलांचा शिवणगट चालवताना

शिवणकामाचा गट काढायचा म्हणून सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेक बायकांचा पहिला प्रश्न मशिनांचा असतो. किती घ्यायची, कोणत्या कंपनीची घ्यायची आणि कर्ज कुठून मिळेल, हे सगळे विचारून होते आणि शिवायचे काय हे मात्र "जे येईल ते" म्हणून सोडून दिले जाते. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा आहे. आपल्याला शंभर वेळा एकसारखी शिवता येईल आणि शंभर वेळा विकली जाईल अशी वस्तू कोणती, आणि ती एक वस्तू शिवायला घड्याळ लावून किती मिनिटे लागतात, या दोन गोष्टी वहीत उतरल्याशिवाय मशिनांचा विचारच करू नये. पहिले दोन-तीन महिने सभासदांच्या घरची मशिने पुरतात, आणि ती पुरत नाहीत असे जेव्हा खरोखर दिसते तेव्हा कोणते मशीन हवे हेही आपोआप कळलेले असते.

वस्तू निवडताना ब्लाउजच्या मोहात पडू नये, असे मी स्पष्टच सांगते. ब्लाउज हे एकेकटीने करायचे उत्तम काम आहे, पण गटासाठी ते अडचणीचे ठरते, कारण प्रत्येक ब्लाउजचे माप वेगळे, गळा वेगळा, आणि मुंढ्यात जरा ओढले तरी उसवून पुन्हा शिवून देण्याची जबाबदारी आपली. शिवाय सगळे कौशल्य एकीच्याच हातात राहते आणि तिच्या घरी लग्न निघाले की गट महिनाभर बंद पडतो. सुरुवात मापाचा प्रश्न नसलेल्या वस्तूंनी करावी: कापडी पिशव्या, अभ्रे, दुपटी. हात बसला की झबली, परकर आणि मग गणवेश. इंदूरमध्ये पिशव्यांना गिऱ्हाईक मिळणे फारसे अवघड नाही. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या शहरात लोकांना पिशवी बाळगण्याची सवय लागली आहे, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आल्यानंतर दुकानदारही कापडी पिशवीबद्दल विचारू लागले.

आपल्या मराठी घरांचे स्वतःचे हंगाम आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण म्हणून छोटे बटवे आणि भाजीच्या जाळीच्या पिशव्या डझनांनी जातात, पण त्याची मागणी जानेवारीत येते आणि माल मात्र डिसेंबरच्या मध्यालाच तयार असावा लागतो. गौरींसाठी शिवलेल्या साड्यांना भाद्रपदात मागणी असते, आणि त्या लहान मापाच्या असल्या तरी निऱ्या बसवण्याचे काम वेळखाऊ असल्याने त्यांचा भाव घाईघाईत सांगू नये. लागूनच येणाऱ्या नवरात्रात गरब्याच्या चनिया-चोळ्यांचे काम असते. ते आम्ही दोनदा घेतले आणि घेराच्या कळ्या जोडताजोडता सगळ्यांच्या मानेला रग लागल्यावर सोडून दिले. ज्यांच्याकडे बेतणारी बाई पक्की आहे त्यांनी ते जरूर घ्यावे.

बेतण्यातला पैसा

कापड ठोकात घ्यायचे असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, आणि पाच-दहा मीटर नमुन्यापुरते हवे असेल तर राजवाड्याच्या आसपासचा बाजार. ताक्याने घेताना चार गोष्टी पाहाव्यात: पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती, आटते किती, रंग जातो का, आणि त्याच रंगाचा दुसरा ताका दुकानात आहे का. आटण्याची परीक्षा सोपी आहे. बरोबर २० इंच लांब-रुंद तुकडा कापून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. तो १९ इंच भरला तर कापड शेकडा ५ आटले, आणि अशा कापडाचे झबले आधी न धुता शिवले तर पहिल्या धुण्यानंतर ते बाळाच्या अंगात जाणार नाही. रंगासाठी ओल्या पांढऱ्या कापडाखाली तुकडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. दोन ताक्यांचा रंग एकच दिसत असला तरी उन्हात नेल्यावर तो किंचित वेगळा निघतो, म्हणून एका कपड्याचे सगळे भाग एकाच ताक्यातून कापायचे, हा नियम कधीही मोडू नये.

बेतणीत किती पैसा असतो हे एका पिशवीवरून दाखवते. पिशवी तयार झाल्यावर १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच हवी आहे, तळाला शिवण नको, म्हणजे अंगाचे कापड एकसलग. शिवणी आणि तोंडाची दुमड धरून हा तुकडा १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब होतो, आणि बंदांसाठी ३ इंच रुंद, २२ इंच लांब अशा दोन पट्ट्या लागतात. कापडाचा पन्हा ४४ इंचांचा आहे. साधारणपणे कोणीही अंगाचे दोन तुकडे शेजारीशेजारी, ताक्याच्या लांबीत उभे ठेवते. ते ३० इंच पन्हा घेतात, उरलेल्या १४ इंचांत ३ इंचांच्या चार पट्ट्या बसतात, आणि ३५ इंच कापडात दोन पिशव्या निघतात. हिशेब जुळलेला दिसतो, पण प्रत्येक पट्टीचा १३ इंचांचा तुकडा वाया जातो. आता तेच अंग आडवे ठेवून पाहावे. ३५ इंच पन्ह्यात गेले, बाजूला ९ इंच राहिले, म्हणजे ३ इंचांच्या तीन पट्ट्या. अशी अंगाची तीन कापडे एकाखाली एक ठेवली की लांबी ४५ इंच होते, आणि प्रत्येक पट्टीतून २२ इंचांचे दोन बंद, असे सहा बंद मिळतात. ४५ इंचांत तीन पिशव्या, म्हणजे एका पिशवीला साडेसतराऐवजी १५ इंच कापड. शंभर पिशव्यांमागे सुमारे ६ मीटर कापड वाचले. कापडाची जाड काठ एका बाजूला तोंडाच्या दुमडीत आणि दुसऱ्या बाजूला बंदाच्या घडीत लपून जाते, त्यामुळे तीही कापून टाकावी लागत नाही. उभ्या रेघांच्या किंवा एका दिशेच्या छापाच्या कापडाला ही आडवी बेतणी चालत नाही, तेवढे ध्यानात ठेवावे.

हे आमच्याकडे एका काकूंनी शोधले. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि वर्तमानपत्राचे तुकडे कापून जमिनीवर मांडत दुपारभर बसल्या होत्या. तेव्हापासून कोणतीही नवी वस्तू घेतली की आधी कागदावर मांडणी करायची आणि ठरलेला आकार जाड पुठ्ठ्यावर कापून भिंतीला टांगायचा, अशी पद्धत पडली. खडूने आखताना पुठ्ठ्याची कड झिजते आणि आकार वाढत जातो, म्हणून दर तीन-चारशे नगांनंतर पुठ्ठा पुन्हा मोजावा.

मिनिटांचा हिशेब आणि भाव

आमची पहिली पिशव्यांची ऑर्डर आम्ही ४० रुपयांना घेतली होती. कापड २७ रुपयांचे, दोरा-लेबल दीड, ने-आण दीड, जागा-वीज-सुया मिळून ३, असे धरले तर हातात ७ रुपये उरत होते, आणि त्यातच शिवण, बेतणी, इस्त्री, मोजणी, सगळे आले. एकीने दिवसातून पाच तास बसून २० पिशव्या शिवल्या तर तिला १४० रुपये, तेही बेतणाऱ्या बाईला काहीच न देता. हे आम्हाला काम संपल्यावर, वहीवर बसल्यावर कळले. "घरीच तर बसलो होतो" असे म्हणत बायका स्वतःच्या वेळाची किंमत शून्य धरतात. शिवणगट बुडण्याचे हे सगळ्यांत मोठे कारण मी पाहिले आहे, कारण शून्य मजुरीवर ठरलेला भाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसतो आणि मग तो वाढवता येत नाही.

वेळ मोजण्यासाठी सगळ्यांत चपळ बाई निवडू नये आणि सगळ्यांत नवखीही निवडू नये. मधल्या हाताच्या बाईला दहा नग सलग शिवायला द्यावेत. समजा १२० मिनिटे लागली, तर नगाला १२ मिनिटे झाली. त्यात बॉबिन भरणे, दोरा तुटणे, पाणी पिणे यांसाठी पाचवा हिस्सा वाढवला की साधारण साडेचौदा मिनिटे होतात, म्हणजे पाच तासांत २० नग. पाच तासांचे २५० रुपये मिळायला हवेत असे गटाने ठरवले, तर शिलाईचा दर साडेबारा रुपये पडतो. आडव्या बेतणीचे कापड ६० रुपये मीटरने २३ रुपयांचे, दोरा-लेबल दीड, शिलाई साडेबारा, बेतणी-इस्त्री-मोजणी ३, जागा-वीज-सुया-दुरुस्ती ३, ने-आण दीड, मिळून साडेचव्वेचाळीस. बिघडलेल्या नगांसाठी दीड धरला की ४६. यावर गटाचा शेकडा १५ वाटा ठेवला तर भाव ५३ रुपये येतो. आकडे ज्याचे त्याने आपल्या बाजारभावाने भरावेत, पण यातले एकही कलम गाळू नये. विशेषतः ऑर्डर आणणारी, फोन घेणारी, मार्केटमध्ये हेलपाटे घालणारी जी ताई असते, तिच्या वेळाचेही पैसे लावावेत. नाहीतर दुसऱ्या वर्षी ती थकते आणि तिच्याबरोबर गटही बसतो.

मशीन घेण्याची वेळ आली की पहिले घ्यावे ते ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड दोऱ्याने बांधणारे मशीन, असे माझे मत आहे. सरळ टीप घरच्या काळ्या मशीनवरही चांगली येते, पण आतली कड सुटी राहिलेला माल दुकानदार हातात घेताच परत करतो. दुसरे घ्यावे ते सरळ टिपेचे औद्योगिक मशीन. ते मिनिटाला चार-पाच हजार टाके मारू शकते, त्यामुळे पायमशिनाची सवय असलेल्या बाईला आधी आठ दिवस कागदावर आणि चिंध्यांवर सराव करू द्यावा. मोटर सर्व्हो घ्यावी. जुनी क्लच मोटर आपण कापड लावत असतानाही फिरतच राहते आणि वीज खाते, तर सर्व्हो पाय दाबल्यावरच चालते, आवाज कमी करते आणि तिचा वेग बांधून ठेवता येतो. जुने मशीन घेण्यात कमीपणा नाही, मात्र घेताना पातळ वॉइल आणि चार पदरी जाड कापड, दोन्हींवर टीप मारून पाहावी.

गटाचे नियम, कागद आणि कर्ज

आपण ज्याला बचत गट म्हणतो त्याला इथल्या कचेऱ्यांत स्वसहायता समूह म्हणतात, आणि अर्जावर तेच नाव लिहावे लागते. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशेब या पाच गोष्टी गटाने सहा महिने पाळल्या की बँकेकडे कर्जासाठी जाता येते, आणि बँक पाहते ती वहीच. पण बचत गट आणि शिवणउद्योग यांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. बचत सगळ्यांची सारखी असते, काम मात्र सारखे नसते. महिन्याचे पैसे नगावर मोजून द्यावेत आणि गटाचा १५ टक्के वाटा बाजूला ठेवून वर्षातून एकदाच, दिवाळीपूर्वी, त्याचे काय करायचे ते बैठकीत ठरवावे. सभासद सोडून गेली तर तिची बचत किती दिवसांत परत करायची आणि मशिनाच्या किमतीतला तिचा वाटा कसा मोजायचा, हे भांडण नसताना लिहून ठेवावे. आमच्याकडे हे लिहिलेले नव्हते, आणि शेजारी राहणारी एक वहिनी पुढे वर्षभर बोलत नव्हती.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवरून ऑनलाइन, विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. शिंपी हा व्यवसाय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांपैकी एक आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज अशी तरतूद आहे, परंतु एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ मिळतो. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. कर्ज मशिनासाठी घ्यावे. कापडासाठी शक्यतो घेऊ नये, कापड गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून यावे.

केवळ वस्तू विकणाऱ्याला मध्य प्रदेशात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि शिलाईसारखी सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. इथे आपल्या लोकांची एक हमखास चूक होते. पुण्याच्या मावशीची मैत्रीण दोनशे बटवे मागवते, आपण ते कुरियरने पाठवून बिल करतो, आणि दुसऱ्या राज्यात माल विकताना ही मर्यादा सर्वसाधारणपणे लागू होत नाही हे कोणाच्या गावीही नसते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, पण आपली वस्तू त्यांत बसते की नाही हे हिशेबनिसाला विचारूनच माल पाठवावा.

ऑर्डर आणि वसुली

एका खाजगी शाळेचे गणवेश आम्ही स्वतःच्या पैशांनी कापड घेऊन, आगाऊ रक्कम न घेता, केवळ ओळखीवर शिवून दिले. माल जूनमध्ये पोचला आणि शेवटचा धनादेश दिवाळीनंतर आला. त्या काळात चार बायकांच्या मजुरीसाठी गटाची बचत मोडावी लागली. त्यानंतर आम्ही ऑर्डर तोंडी घेत नाही. निम्मी रक्कम आधी, उरलेली माल नेताना, आणि मोठी संस्था असेल तर लेखी ऑर्डर, त्यावर नगांची संख्या, मापे, तारीख आणि पैसे देण्याची मुदत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने बंधनकारक आहे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. प्रत्यक्षात कोणी व्याज मागायला जात नाही, पण बिलाच्या तळाशी हे एक वाक्य छापलेले असले की हिशेब खात्यातल्या माणसाचा सूर बदलतो.

शिवायला घेण्यापूर्वी एक नग पूर्ण करून गिऱ्हाइकाची त्यावर सही घ्यावी आणि तो नमुना काम संपेपर्यंत मशिनांसमोर टांगून ठेवावा. बेतलेले कापड दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधून प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावावी, म्हणजे कोणाच्या हातून काय गेले ते कळते आणि कोणावर उगीच आळ येत नाही. साध्या सुती कापडाला इंचाला दहा ते बारा टाके पुरतात. पिशवीच्या बंदाला जोडाशी चौकोन आणि त्यात फुली मारल्याशिवाय तो पास करू नये. बाळाच्या कपड्यांचे काम चालू असेल तर सुईची वही ठेवावी: सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून, चिकटपट्टीने वहीत लावून, तारीख घालायची आणि मगच नवी सुई मिळायची. तुकडा सापडला नाही तर तो अख्खा गठ्ठा लोहचुंबक फिरवून तपासायचा. नव्या आलेल्या मुलींना हा जाच वाटतो, पण ही वही पाहून एका दुकानदाराने आम्हाला झबल्यांचे काम दिले.

मशीन रोज काम संपल्यावर ब्रशने झाडावे, दातांखाली साठलेला कापसाचा पुंजका काढावा आणि शटलमध्ये एक थेंब तेल सोडावे. दिवाळीच्या सुट्टीत मशिने आठ-दहा दिवस बंद राहतात, तेव्हा सगळीकडे तेल देऊन, दाबाच्या पायाखाली चिंधी ठेवून, पाय खाली सोडून झाकावे. परत आल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावण्याआधी चिंधीवरच टिपा मारत राहावे, आणि चिंधीवर तेलाचा डाग उमटायचा थांबला की मग दोरा बदलून पहिला गठ्ठा सोडावा.